एमजीबी जीटी: पहिलीच जुनी स्पोर्ट्‌स कार उभी करायची तर सुरुवात कुठून?

नवा_पाना
मंडळी, नमस्कार. मुक्काम इंग्लंड, मिडलंड्स. १९७२ ची एमजीबी जीटी (एमजी कंपनीची छप्परवाली स्पोर्ट्‌स कार) बघून ठेवली आहे, व्यवहार व्हायचा आहे. विकणाऱ्याचं म्हणणं असं: इंजिन चालू होतं, ब्रेक 'जरा बघावे लागतील', सिल 'नुकतीच केलेली', रंग उडालेला. माझ्याकडे एका गाडीचं गॅरेज आहे, वीज आहे, शेजारी समजूतदार आहेत. अनुभव म्हणाल तर ऑइल आणि ब्रेक पॅड बदलण्यापुरता.
प्रश्न तीन. बघायला जाताना काय तपासू? आणल्यावर सगळी सुटी करायची की चालवत चालवत एकेक काम काढायचं? आणि वेल्डिंग स्वतः शिकण्यात अर्थ आहे का?

पत्र्यावरचा_गंज
नवख्याने हीच गाडी घ्यावी. १९६२ ते १९८० या काळात अबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी पाच लाखांवर बाहेर पडल्या, त्यामुळे आजही जवळपास प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. पण त्याच कारणाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: इंजिन, गियरबॉक्स, ब्रेक, क्रोम हे सगळं पैसे टाकून पार्सलने घरी येतं. पत्र्याचं काम पार्सलने येत नाही. त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट सगळ्यात शेवटी उघडा. आधी गुडघ्यावर बसा.

या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी, आणि तिचा कणा म्हणजे दोन्ही दारांखालचे सिल. हा सिल एका पत्र्याचा नसतो. फ्लोअरला जोडलेली आतली भिंत, मधला उभा पडदा, खालून त्यांना बांधणारा कॅसल रेल आणि बाहेरून दिसणारा सिल, असे चार भाग मिळून ती पेटी होते. बाहेरचा भाग चकचकीत आणि मधला पडदा भुगा, ही एमजीबीची नेहमीची अवस्था. वरून कीर्तन आतून तमाशा.

तपासायचा क्रम असा ठेवा:

दारांच्या फटी आधी बघा. दार आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर निमुळती, खाली रुंद (किंवा उलट) असेल तर गाडी मधोमध वाकलेली आहे किंवा सिल बसवताना वाकडी जोडली आहे. मग मालकाच्या परवानगीने सिलच्या जॅकिंग पॉइंटवर जॅक लावून एक बाजू थोडी उचला आणि दार उघडून-मिटून बघा. दार घासायला लागलं तर सिलमध्ये दम नाही. जॅकवरच्या गाडीखाली मात्र डोकं घालू नका.

नंतर सीटमागचं कार्पेट उचला. १९७२ च्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे दोन पेट्यांत बसतात. ॲसिड सांडून या पेट्यांचे तळ गळून पडतात. तिथूनच हात घालून मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगांचे) पुढचे हँगर चाचपता येतात. हँगर जिथे बॉडीला जोडलेत तो पत्रा कुजला असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडा.

पुढच्या चाकाच्या कमानीत, चाकाच्या मागे, एक उभा पत्रा रबराच्या पट्टीसह बसवलेला असतो. त्याच्यामागे चिखल साठतो आणि मडगार्डचा खालचा कोपरा आणि दाराच्या बिजागरीचा खांब दोन्ही खातो. पुढच्या मडगार्डच्या वरच्या कडेला, बॉनेटलगत, पोपडे दिसले तर तेही याच चिखलाचं काम. विंडस्क्रीनखालचा पत्रा, दाराच्या वरच्या कडेला छोट्या तिकोनी काचेपाशी पडणारा तडा, जीटीला मागच्या दाराची खालची कड आणि मागच्या चाकांच्या कमानी, एवढं बघितलंत की ऐंशी टक्के चित्र समोर येतं.

सोबत न्यायचं सामान: टॉर्च, फडक्यात गुंडाळलेला साधा चुंबक, जुनी चादर. चुंबक जिथे पकडत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

नवा_पाना
फार उपयोगी. 'नुकतीच केलेली सिल' खरी की खोटी, हे गाडी न फाडता कळेल का?

पत्र्यावरचा_गंज
बऱ्यापैकी कळतं. बाहेरचा सिल दाराच्या फटीपुरता नसतो. पुढे तो मडगार्डच्या खाली जातो आणि मागे दाराच्या मागच्या पत्र्याच्या आत शिरतो. नीट काम करायचं तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं (ते बोल्टनी बसवलेलं आहे, हे नशीब) आणि मागच्या पत्र्याचा खालचा भाग कापून नवा जोडावा लागतो. म्हणून मालकाला एवढंच विचारा, 'सिल करताना मडगार्ड काढले होते का?' उत्तर गोलमाल आलं तर जुन्या सिलवर वरून नवं कव्हर चिकटवलंय असं धरून चाला.

खालून टॉर्च मारा. कॅसल रेलला खाली ठरावीक अंतरावर खाचा असतात, किल्ल्याच्या तटासारख्या, नावही त्यावरूनच. त्या स्वच्छ दिसायला हव्यात आणि सिल-रेलचा सांधा एक सरळ पाळीसारखा खाली आलेला हवा. तिथे पाळी नसून वेल्डिंगचा सलग गठ्ठा असेल, किंवा काळं अंडरसील (खालच्या पत्र्याचा गंजरोधक लेप) ताजं आणि जाडजूड थापलेलं असेल, तर समजून जा.

आणि काम झालंच असेल तर फोटो असतातच. ज्याने चारही थर बदललेत तो फोटो दाखवल्याशिवाय सोडत नाही.

टॅपेट
पत्र्याबद्दल अनुमोदन. यांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो.

इंजिन १७९८ सीसीचं बी-सिरीज, पाच मेन बेअरिंगवालं (तीनवालं १९६४ नंतर बंद झालं). दणकट आहे. बघायला जाल तेव्हा इंजिन गार असू द्या. आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर चालताना ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ दिसलं तर ठीक. कॉम्प्रेशन मीटर असेल तर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. १५०-१७० च्या आसपास आकडा यावा, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅसकेट. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

गियरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी ठेवणारा जादा गियर) आहे का बघा. असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या गियरला लागायला हवा. न लागल्यास घाबरू नका, बहुतेक वेळा वायर किंवा स्विच असतो. पण 'गियरबॉक्स नंतर बघू' असं कोणी म्हणालं तर हे ऐका: या गाडीत गियरबॉक्स एकटा खाली उतरत नाही. क्लच प्लेट बदलायची तरी इंजिन वर काढावंच लागतं. म्हणून एकदा इंजिन निघालं की क्लच, रिलीज बेअरिंग, मागचं ऑइल सील आणि गियरबॉक्सचे रबर माउंट हे सगळं त्याच खेपेत उरका. रिलीज बेअरिंग इथे कार्बनचं असतं, क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याच्या हातून ते झिजतं.

तारांची चाकं असतील तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. खट्ट आवाज आला तर हबचे दाते गेलेत. सुटं करताना ध्यानात ठेवा: डाव्या बाजूच्या स्पिनरचे (चाक धरून ठेवणाऱ्या मधल्या मोठ्या नटाचे) आटे नेहमीचे, उजव्या बाजूचे उलटे. उजवीकडे नेहमीच्या सवयीने सोडवायला जाऊन लोक हातोड्याने स्पिनर अजून घट्ट करतात.

मागून गियर बदलताना 'ठक' ऐकू आलं तर बहुतेक मागच्या धुऱ्यातल्या डिफरन्शियलचे थ्रस्ट वायसर. धुरा न उतरवता, मागचं झाकण काढून बदलता येतात. त्यावरून भाव नक्की करा, गाडी नाकारू नका.

आबा_ओव्हरड्राइव्ह
नवा_पाना, जीटी घेताय ते उत्तम. उघड्या रोडस्टरला जीव लावणारे खूप, त्यामुळे ती महाग. आणि तिचे सिल कापले की गाडी मधून दुमडते, कारण वर छप्परच नाही. रोडस्टरला सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, २५ मिमीचा चौकोनी पाइप वेल्ड किंवा बोल्ट करून आधार द्यावाच लागतो. जीटीला छप्पर हात देतं.

पत्र्यावरचा_गंज
आबा, हात देतं हे खरं, पण नवख्याने त्यावर विसंबू नये. जीटीलाही एका वेळी एकच बाजू कापायची, दुसरी पूर्ण जोडून झाल्याशिवाय हात लावायचा नाही. दार बिजागरीवर ठेवूनच काम करायचं आणि प्रत्येक टप्प्याला, नवा सिल नुसता क्लॅम्प केलेला असताना, दार मिटून फट बघायची. वेल्ड झाल्यावर कळून उपयोग नाही.

आबा_ओव्हरड्राइव्ह
हे मान्य. मला म्हणायचं होतं की रोडस्टरपेक्षा चूक पचते.

स्वाती_एस
प्रश्न दोनचं उत्तर देते, कारण अर्धवट गाड्या विकायला येतात त्या याच ठिकाणी अडकलेल्या असतात. उत्साहात दोन शनिवार-रविवारी गाडी सुटी होते. जोडताना मात्र नटांचे डबे, सुट्या तारा आणि कुठला कंस (ब्रॅकेट) कुठे हे आठवत नाही. एका गॅरेजमध्ये सुटी केलेली गाडी तिप्पट जागा खाते, हेही कोणी धरत नाही.

गाडी चालू असेल आणि सिल खरोखर ठीक निघाले, तर सुटी करूच नका. एका वेळी एक व्यवस्था घ्या, पूर्ण करा, गाडी हलती ठेवा. क्रम माझ्या मते असा: ब्रेक, पेट्रोलची लाइन, स्टिअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन, वायरिंग, कूलिंग, मग इंजिनची ट्यूनिंग. रंग आणि सीट शेवटी. पुष्कळ जण आधी रंग देतात आणि नंतर सिल कापायला घेतात, आधी कळस मग पाया.

सिल खराब निघाले तर मात्र दुसरा मार्ग: गाडी घरी आल्यावर पहिला आठवडा पाना उचलायचा नाही. फक्त बघायचं, फोटो काढायचे, यादी करायची. प्रत्येक सांध्याचा फोटो दोन अंतरावरून, एक लांबून जागा कळायला, एक जवळून वायसरची रांग कळायला. झिपच्या पिशव्या, त्यावर नाव आणि बाजू, पिशवीत कागदाची चिठ्ठीसुद्धा, कारण ग्रीसने मार्करची शाई निघून जाते. जुना भाग नवा बसेपर्यंत फेकायचा नाही. नवे मिळणारे काही रबर आणि कंस मापाला थोडे वेगळे येतात, तेव्हा जुनाच नमुना उपयोगी पडतो.

पाने: तुमचा मिलिमीटरचा सेट इथे चालणार नाही. गाडीचे बहुतेक आटे यूएनएफ (इंचाच्या मापाचे बारीक आटे) आणि पाने इंचाचे एएफ मापाचे (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर). ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४ हे रिंग आणि सॉकेट दोन्हींत, सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. १३ मिमीचा पाना १/२ इंचावर 'जवळजवळ' बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. बाकी टॉर्क रेंच, दोन टनांचा ट्रॉली जॅक, चार स्टँड आणि अग्निशामक. स्टँडमध्ये कंजुषी नको.

विलायती_वडापाव
कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून. व्ही५सी (इथलं नोंदणीपत्र) वरचा चासी नंबर आणि बॉनेटखालच्या पट्टीवरचा नंबर जुळवून बघा. ४० वर्षांहून जुन्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ आहे, पण 'हिस्टॉरिक' म्हणून नोंद करावी लागते, आपोआप होत नाही. २०१८ पासून अशा गाडीला एमओटीही (वार्षिक तपासणी) सक्तीची नाही, मोठे बदल केलेले नसतील तर. सक्ती नसली तरी काम पूर्ण झाल्यावर एमओटी करून घ्याच. गाडी रस्त्यायोग्य ठेवायची जबाबदारी मालकाचीच, आणि तिऱ्हाईताने खालून बघितलेलं बरं. काम चालू असताना गाडी रस्त्यावर नसेल तर सॉर्न करा (गाडी रस्त्यावर नाही अशी सरकारी नोंद) आणि विमा 'बांधणीखालील गाडी' असा घ्या. चोरी आणि आग त्यात येते.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून कारखान्याच्या नोंदींवरून दाखला मिळतो: मूळ रंग, बांधणीची तारीख, कुठे पाठवली. रंग ठरवायच्या आधी मागवा.

नवा_पाना
स्वाती ताई, क्रम लिहून घेतला. वेल्डिंगचं काय? आणि पूर्ण नवी बॉडीच मिळते असं ऐकलं.

पत्र्यावरचा_गंज
मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून जुन्याच साच्यांवर एमजीबीच्या नव्या बॉड्या बनवते. पण तो मोठा खर्च आहे आणि त्यानंतर गाडीची प्रत्येक वस्तू एका बॉडीतून दुसरीत न्यावी लागते. पहिल्याच गाडीला नको. त्यांचे सुटे पत्रे मात्र जरूर घ्या. स्वस्त नकली सिलची वळणं चुकतात आणि फट जमवण्यात जो वेळ जातो त्यात वाचलेले पैसे परत जातात.

वेल्डिंग शिका. मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकणारं विजेचं वेल्डिंग), गॅसवालं. गॅसशिवायच्या तारेचं नको, पातळ पत्र्यावर ते भोकं पाडतं. तार ०.६ मिमी, गॅस आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. पत्रा बहुतेक ठिकाणी ०.९ ते १.२ मिमी असतो. त्याच जाडीचे टाकाऊ तुकडे आणून आधी दोन-तीन शनिवार-रविवार त्यावर घालवा. चाचणी सोपी आहे: जोडलेले दोन तुकडे व्हाइसमध्ये धरून वाकवा आणि फाडा. वेल्ड सुटला तर उष्णता कमी पडली, वेल्डशेजारचा पत्रा फाटला तर जमलं. वरून सुंदर दिसणारा वेल्ड पुष्कळदा नुसता चिकटलेला असतो.

कारखान्यात पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले आहेत. घरी त्याच्या जागी प्लग वेल्ड करतात: वरच्या पत्र्याला साधारण ६ मिमीची भोकं, २५-३० मिमी अंतराने, मधे जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर, दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट, आणि भोकाच्या मध्यापासून गोल फिरवत भरायचं. पत्र्यांत फट राहिली तर वेल्ड खालच्याला पोचतच नाही. जिथे दोन कडा समोरासमोर येतात तिथे सलग रेघ ओढू नका. एक टाका इथे, एक टाका फुटभर लांब, पुन्हा मागे. सलग ओढलात की पत्रा तापून लाटा येतात आणि मग लांबी भरत बसावं लागतं.

जुने स्पॉट वेल्ड सोडवायला ८ मिमीचा खास ड्रिल मिळतो. फक्त वरचा पत्रा कापायचा, खालचा राखायचा.

आगीचं: बॅटऱ्यांचे आणि आल्टरनेटरचे कनेक्शन काढा. पेट्रोलची टाकी गाडीखालून आणि गॅरेजमधूनही बाहेर. पेट्रोलचा पाइप फ्लोअरखालून जातो, तोही काढा. कार्पेट, साउंडप्रूफिंग, सीट बाहेर. अंडरसील दुसऱ्या बाजूने पेटतं आणि तुम्हाला मास्कमधून दिसत नाही, म्हणून एक माणूस फक्त बघायला ठेवा. वेल्डिंग थांबवल्यावर तासभर गॅरेज सोडून जाऊ नका. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा धूर श्वासात घेऊ नका, जस्त आधी घासून काढा.

शेवटी पोकळ्यांत मेण. सिलच्या आत लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स मारा, मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा. एकाच भोकातून मारलं की अर्धी पेटी कोरडी राहते, आणि नेमकी तीच पुढच्या खेपेला गंजते. पाणी निघायची भोकं बुजली नाहीत ना, ते बघा.

पुणेरी_पिस्टन
दोन मुद्दे. गंजलेले छोटे भाग (कंस, पेडल, ब्रेकची मागची पाटी) घासत बसू नका. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, दर पाच लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, भाग ऋण टोकाला, धन टोकाला साधी लोखंडी पट्टी, साधा बॅटरी चार्जर, मोकळी हवा. रात्रभरात गंज सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. स्प्रिंगा आणि कठीण पोलादाचे ताण घेणारे बोल्ट यात टाकू नका, हायड्रोजन शिरून ठिसूळ होतात.

आणि एक शंका: अशी गाडी भारतात असेल तर नोंदणीचं काय?

विलायती_वडापाव
५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. १९७२ ची गाडी वयात बसते.

टॅपेट
इंजिनवर परत येतो, कारण नवा_पाना यांची गाडी चालू होते असं म्हणतात आणि अशा वेळी लोक लगेच हेड उघडतात. उघडू नका. आधी ट्यूनिंग, आणि तेही क्रमाने: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट (ठिणगी पाडणारे इग्निशनचे संपर्क), मग टायमिंग, कार्ब्युरेटर शेवटी. एसयू कार्ब्युरेटरना हात लावायची घाई असते, पण बिचाऱ्यांचा दोष फार कमी वेळा असतो.

टॅपेटची फट गार इंजिनवर ०.०१५ इंच. कुठला व्हॉल्व्ह कधी बसवायचा, त्याला नऊचा नियम आहे. पुढून १ ते ८ मोजा. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला बसवा, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा, चौथा तेव्हा पाचवा. बेरीज नेहमी नऊ. प्लग काढून ठेवा, इंजिन हाताने फिरतं. फीलर गेज ओढताना किंचित अडखळावी, कापत जाऊ नये. जुन्या रॉकरच्या टोकाला खळगा पडलेला असतो, त्यावर पट्टी टेकते आणि खरी फट जास्त राहते. सगळं बरोबर लावूनही टकटक थांबत नाही त्याचं कारण हे.

पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, फायरिंग १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. कार्ब्युरेटर एचआयएफ४ प्रकारचे असतील तर जेट ब्रिजच्या पातळीला आणायचं, मग स्क्रू दोन वेढे उजवीकडे, ही सुरुवातीची जागा. दोन्हींची हवा सारखी करून मगच मिश्रण. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या नळीत) ऑइल आहे ना ते बघा. तिथे ऑइल नसलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, आणि लोक पेट्रोल पंप बदलतात.

रॉकर शाफ्ट काढायचाच झाला तर एक सापळा आहे. त्याचे चार मोठे नट हेडचेही नट आहेत. तेवढेच सोडले तर हेड एका बाजूने ताणलं जाऊन गॅसकेट गळायला लागतं. म्हणून आधी पाणी काढा, हेडचे सगळे नट थोडेथोडे सैल करा, मग शाफ्ट. परत बसवताना मध्यापासून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, ४५-५० पौंड-फूट.

आबा_ओव्हरड्राइव्ह
पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका की, कटकट मिटते.

टॅपेट
मिटते, पण नवख्याने आधी पॉइंटवर गाडी नीट चालवून बघावी. बाजारात नवे येणारे काही कंडेन्सर आणि रोटर आर्म कच्चे निघतात, ते खरं. पण पॉइंट बिघडले तर रस्त्याकडेला कानसपट्टीने दुरुस्त होतात, मॉड्यूल गेलं की गाडी टोचन करून (ओढून) न्यावी लागते. बसवलंत तर जुने पॉइंट डिक्कीत ठेवा.

आबा_ओव्हरड्राइव्ह
एवढं चालेल.

नवा_पाना
हेडमध्ये अनलेडेड पेट्रोलचं काही करावं लागतं का? आणि ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं का?

टॅपेट
शिशाचं पेट्रोल इथल्या पंपांवरून १९९९ च्या अखेरीस गेलं. तेव्हापासून पुष्कळ हेडांना कडक एक्झॉस्ट सीट बसवून झालेल्या आहेत. झाल्या नसतील तर दर काही महिन्यांनी टॅपेट तपासा. एक्झॉस्टची फट सारखी कमी होत असेल तर सीट आत बसतेय. तेव्हा हेड काढा, त्याआधी नाही.

ई१० टाळा. २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, सुपरमध्ये ई५ मिळतं, ते घ्या. तरीही सगळे रबरी पेट्रोल पाइप पहिल्याच आठवड्यात बदला, पाइपवर 'आर९' छापलेलं हवं. जुना पाइप बाहेरून ठीक दिसतो, वाकवला की बारीक चिरा दिसतात, आणि गळणारं पेट्रोल थेट एक्झॉस्टवर पडतं.

स्वाती_एस
वायरिंगबद्दल. ल्युकासच्या (या गाडीचे विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या) नावाने विनोद करायची प्रथा आहे, पण या गाडीतले बहुतेक दोष बुलेट कनेक्टर (तारा जोडणाऱ्या गोल पिना) गंजण्यातून आणि अर्थिंग खराब असण्यातून येतात. रंग पाठ करा, निम्मं काम होतं: तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट, फ्यूज नसलेला प्रवाह, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशनचा पण फ्यूजमधून, जांभळा कायमचा पण फ्यूजमधून, काळा अर्थिंगचा. तपकिरीला फ्यूज नाही, म्हणून डॅशबोर्डमागे हात घालायच्या आधी बॅटरी काढायचीच.

फ्यूजबाबत चूक सर्रास होते. मूळ ल्युकास फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो जळण्याचा आकडा. सतत झेपणारा प्रवाह त्याच्या निम्मा, सुमारे १७ अँपिअर. आधुनिक फ्यूजवर लिहिलेला आकडा मात्र सततचा असतो. त्यामुळे '३५ च्या जागी ३५' म्हणून आधुनिक फ्यूज टाकला की वायर आधी जळते आणि फ्यूज शाबूत राहतो.

इग्निशन चालू केल्यावर मागून टिकटिक ऐकू येते तो एसयूचा पेट्रोल पंप. काही सेकंदांत थांबायला हवी. न थांबता जोरात चालू राहिली तर टाकी रिकामी किंवा हवा शिरतेय. गाडी उभी असतानाही दर काही सेकंदांनी एक टिक येत राहिली तर कुठेतरी गळती किंवा कार्ब्युरेटरची नीडल नीट बसत नाही. टिक येतच नसेल तर पंपाला हलके ठोका. चालू झाला तर त्याचे पॉइंट गेलेत.

पत्र्यावरचा_गंज
पुढच्या सस्पेन्शनची एक गोष्ट सांगायची राहिली. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो उभा खांब) प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, दर ३,००० मैलांना ग्रीस. चाक जमिनीवर असताना भरलं तर वजनाखालच्या बाजूला ग्रीस जातच नाही, म्हणून गाडी उचलून, चाक डावी-उजवीकडे वळवत भरा. आणि पुढची हब बेअरिंग साध्या गाडीसारखी 'घट्ट करून पाव वेढा सैल' अशी लावायची नाहीत. आत एक नळी आणि पातळ शिम (अंतर भरणाऱ्या चकत्या) असतात. शिम बदलून ०.००२ ते ०.००४ इंच खेळ ठेवायचा आणि नट टॉर्कने आवळायचा. नळी 'कशाला' म्हणून फेकून देणारे भेटतात. ती स्टब ॲक्सलला ताठपणा देते, तिच्याशिवाय ॲक्सल तुटू शकतो. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा चाक काढाल तेव्हा ती जागेवर आहे का बघाच.

नवा_पाना
शनिवारी बघायला जातोय. सिल ठीक निघाले आणि घेतली, तर गाडी ट्रेलरवर आणू की चालवत?

विलायती_वडापाव
ट्रेलर. 'ब्रेक जरा बघावे लागतील' हे वाक्य तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे.

स्वाती_एस
ट्रेलरच. आणि घरी आल्यावर ब्रेकचे होज, मागचे व्हील सिलिंडर आणि पुढच्या कॅलिपरचे सील एकदमच मागवा, वेगवेगळे नको. स्टीलच्या पाइपांना वरून गंज दिसला तर सगळे ३/१६ इंच कुप्रोनिकेलमध्ये (तांबे-निकेलचा मिश्रधातू) करून घ्या. ब्रेक ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. फ्लुइड डॉट ४, नवं सील केलेलं, आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

टॅपेट
टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. कोड तीनच आकडी असेल तर टायर २००० च्या आधीचा, नक्षी कितीही खोल असो, भावातून पाच टायरचे पैसे वजा करा. स्टेपनीही मोजा.